काचेच्या झाकणाचा फ्रायर

आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी पितरांच्या जागी बसलेल्या भटजींनी वडा मोडला, तुकडा तोंडात घातला, उरलेला पानाच्या कडेला ठेवला आणि हात आवरला. त्या दिवसानंतर अंबुआत्या आमच्या घरी स्वयंपाकाला आली नाही.

अंबुआत्या आमच्या नात्यातली नव्हती. तंजावरात मराठी बोलणारी घरं थोडी, आणि त्यांतही श्राद्धाचा स्वयंपाक जुन्या रीतीनं घरीच करवून घेणारी त्याहून थोडी. आमचं धरून ओळखीत अशी सहा होती आणि त्या सहाही घरी हा स्वयंपाक अंबुआत्या करायची. तिचा नवरा लवकर गेला होता, मूल नव्हतं. तिरुवैयारुला बहिणीच्या घरात तिला एक खोली होती. तिथून ती पहाटेच्या पहिल्या बसनं यायची. कापडी पिशवीत मडीचं लुगडं आणि पितळेचा झारा. मडी म्हणजे महाराष्ट्रात सोवळं म्हणतात ते. विहिरीवर अंघोळ करून, ओल्या लुगड्यानं ती एकदा स्वयंपाकघरात शिरली की दुपारपर्यंत तिच्याजवळ कोणी जायचं नाही. मी उंबऱ्याबाहेर पुस्तक घेऊन बसायची आणि आतले आवाज ऐकायची. रगड्यावर उडीद वाटताना दगडाचा आवाज आधी खरखरीत असायचा, मग पीठ फुलत जाई तसा मऊ होत जाऊन शेवटी जवळजवळ नाहीसा व्हायचा. मग ती थांबायची, वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब टाकायची, आणि तो तरंगला की स्वतःशीच म्हणायची, “झालं, आला वर.” श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हुंगायचाही नसतो, पितरांच्या आधी तो कोणाचा होता कामा नये. मीठ तिच्या बोटांना कळायचं. माझ्या आठवणीत तिचं मीठ कधी चुकलं नाही.

फ्रायर घरात आला तो अम्माच्या हातामुळे. त्याआधीच्या दिवाळीत कडबोळी तळताना कढई कलंडली आणि अम्माचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. महिनाभर ती डाव्या हातानं भात वाढत होती. अप्पा कमी बोलणारे, पण एका संध्याकाळी तिच्या हातावरची पट्टी बदलताना म्हणाले, “आतां त्या कढईला हात लावू नको म्हणून सांगतों.” मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आणि घरात कुठलीही वस्तू यायची असली की तिच्याबद्दल वाचून काढणं हे माझं काम आहे असं मीच ठरवून टाकलं होतं. एका मासिकातल्या जाहिरातीत मी विजेचा फ्रायर पाहिला. तेल आत, झाकण वर, उडायचं नाही, सांडायचं नाही. ते पान कापून मी अप्पांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं.

दक्षिण वीथीतल्या दुकानात दोन फ्रायर होते. एक स्टीलचा, दिसायला बादलीसारखा. त्याचं आतलं भांडं उचलून बाहेर काढता यायचं. दुसरा पांढरा, गोल खांद्यांचा. त्याच्या झाकणाला काचेची खिडकी होती आणि वास कोंडून धरणारी कोळशाची चकती. आत तेलाच्या दोन रेघा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. बाजूला उष्णतेचं बटण, आणि तेल तापलं की विझणारा लाल दिवा. त्याचं भांडं मात्र बाहेर निघत नव्हतं. तारेचं वेटोळं तळाशी, तेलातच बुडालेलं. दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, “भांडं निघणारा घ्या, अम्मा. तेल ओतायला सोपं, घासायला सोपं. हा दुसरा बघायलाच छान.” अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून आत पाहत होते. मी म्हणाले, “अम्मा, ह्यात तळताना दिसतं की! आणि घरभर वास नाही.” तो माणूस हसला आणि म्हणाला, “शिकलेली मुलगी आहे, तिला कळतं.” आम्ही पांढरा घेतला. मला ही गोष्ट आजही नीट सांगावीशी वाटते, कारण पुढं जे झालं त्यातला निम्मा भाग त्या न निघणाऱ्या भांड्याचा आहे. उरलेला निम्मा माझा आहे, आणि तो मी त्या भांड्यावर ढकलणार नाही.

अम्मानं त्याला घरी आणताच ठरवून टाकलं की हा मडीचा. आमच्या घरी रोजच्या जेवणात कांदा असायचा, पण मडीच्या भांड्यांना तो लागायचा नाही, ती वेगळ्या फळीवर असायची. फ्रायर त्या फळीवर गेला. श्राद्धाच्या आठ दिवस आधी अंबुआत्या सामान सांगायला आली तेव्हा अम्मानं तिला तो दाखवला. आत्यानं लांबूनच त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“ह्याला तोंड कुठं, बूड कुठं? विजेच्या डब्यांत पितरांचं करावं म्हणून कोण सांगितला तुला?”

“माझा हात पाहा की, आत्या. तुमचाही असाच व्हायचा एक दिवस.”

“माझा हात तीस वर्षं तेलाजवळ आहे. तेल मला ओळखतं.”

“नवा कोरा आहे. कांदा लागला नाही, लागणार नाही. मी सांगतें ना.”

आत्यानं झाकणाच्या काचेत आपलं तोंड पाहिलं आणि केस सारखे केले. “बरं,” ती म्हणाली, “तू सांगतेस म्हणून. पण झारा माझाच. ती जाळीची टोपली मला नको, तिला पीठ चिकटून बसेल.” हे तिनं न वापरता, नुसतं पाहून ओळखलं होतं. मी फ्रायरसोबत आलेली पुस्तिका दोनदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

श्राद्धाच्या आदल्या सकाळी अम्मानं अंघोळ करून, मडीत, नवा डबा फोडला आणि तिळाचं तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं. एकदा तापवून पाहिलं, दिवा विझतो ना ते पाहिलं आणि झाकण लावलं. दुपारी ती आणि अप्पा भटजींकडे आणि पानं आणायला गेले. मी घरी एकटी होते. मल्लिका आली. ती माझ्या वर्गातली, आमच्यामागच्या गल्लीतली, मोठ्यानं हसणारी, आणि तिचं माझ्याबद्दल मत चांगलं असावं असं मला फार वाटायचं. तिनं फळीवरचा फ्रायर पाहिला आणि म्हणाली, “हा काय, शोकेसमध्ये ठेवायला घेतलाय?” मी म्हणाले, तळायला. “मग तळ की. का तुला हात लावायची परवानगी नाही?”

मागच्या पडवीत कांद्याची टोपली होती. मी कांदे कापले, बेसन कालवलं. मला सगळं ठाऊक होतं. मडी काय, उद्या काय, आतलं तेल कोणासाठी. हे मी विसरले नव्हते. मला वाटलं, झाकण बंद आहे, वास बाहेर येत नाही, बज्जी खाऊन होईल, मग तेल गाळून ठेवलं की जसंच्या तसं. तिघीचौघींना पुरतील इतके बज्जी आम्ही दोघींनी खाल्ले. मल्लिका खिडकीला डोळा लावून ओरडत होती, “फिरतोय बघ, फिरतोय!” काच वाफेनं धुरकट झाली की मी रुमालानं पुसत होते. त्या अर्ध्या तासात मी जितकी आनंदात होते तितकी त्या वर्षी क्वचितच असेन. हे लिहायला मला जड जातं, पण खरं आहे.

ती गेल्यावर मी तेल ओतायला गेले आणि भांडं निघेना. सगळा फ्रायर उचलून कलता करायचा तर तेल गरम, जड, आणि तारेचं वेटोळं आत. मी थंड होईतो थांबले, मग पळीनं जितकं निघेल तितकं काढून मलमलीतून गाळून परत ओतलं. ते सोन्यासारखं स्वच्छ दिसत होतं. रेघेखाली थोडं उतरलं होतं, तेवढं मी डब्यातून भरलं. सगळं तेल टाकून नवं भरावं तर डब्यात तितकं उरलं नव्हतं, आणि अम्माला कळलं असतं. तिला कळू नये एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. उद्या कोण जेवणार, कोणाच्या नावानं जेवणार, आणि ते वडे कोणाच्या हातचे म्हणून ओळखले जाणार, हे डोक्यात आलं नाही.

सकाळी सांगायचं असं मी झोपताना ठरवलं होतं. सकाळी अम्मा ओल्या लुगड्यात होती, अंबुआत्या ओल्या लुगड्यात होती, दोघींच्या हातात दहा कामं. मी दारात जाऊन म्हणाले, “अम्मा, तेल आहे ना…” ती वळून म्हणाली, “शिवू नको! लांब उभी राहा!” आणि मी लांब उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या शब्दांनी मला सुटल्यासारखं वाटलं. आत अंबुआत्या पानाच्या तुकड्यावर ओल्या बोटांनी वडा थापत होती, तेलात सोडत होती, पितळेच्या झाऱ्यानं उलटत होती. लाल दिवा लागत होता, विझत होता. ती एकदा म्हणाली, “ह्या दिव्याला फार घाई. माझं ऐकत नाही, आपलंच खरं करतो.” अम्मा हसली. श्राद्धाच्या दिवशी घरात कोणी हसत नाही, तरी ती हसली.

श्राद्धाला बसलेले ब्राह्मण जेवताना बोलत नाहीत. अन्न चांगलं म्हणत नाहीत, वाईट म्हणत नाहीत. त्यामुळं भटजींनी हात आवरला तेव्हा कोणी काही विचारलं नाही. अप्पा दोन्ही हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी पाहिला. सगळं आटपल्यावर, हात धुऊन झाल्यावर भटजी अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, “वड्याला कांद्याचा वास होता. मी गिळला, कारण थुंकणं बरं नव्हतं. तुमच्या वडिलांचं काय झालं ते मला सांगता येणार नाही.”

अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “अंबुबाई, तेवढा एक वडा फोडून पाहा.” आत्यानं परातीतला वडा घेतला, मोडला, नाकाशी नेला. इतक्या वर्षांत ती प्रथमच ते अन्न हुंगत असावी. तिनं मान वर केली ती अम्माकडे. अम्मानं आठ दिवसांपूर्वी शब्द दिला होता, आणि तो मोडला असेल हे अम्माच्या मनातही नव्हतं. म्हणून ती म्हणाली, “आमच्या फ्रायरला कांदा लागला नाही. तुमचा झारा, आत्या… तो बाहेर कुठल्या घरी…”

“माझा झारा?” आत्या म्हणाली. “माझा झारा म्हणतेस?”

“मी काही म्हणत नाही. विचारतें.”

आत्या माझ्याकडे वळली. मी उंबऱ्याबाहेर, हातात उष्टी पानं घेऊन. ती अगदी साध्या आवाजात, नेहमीच्या लाडाच्या हाकेनं म्हणाली, “कण्णा, काल तू घरी होतीस. विजेच्या डब्याला कोण शिवलं का?”

“कोणी नाही,” मी म्हणाले.

तिनं झारा धुतला, पुसला, पिशवीत घातला. लुगडं ओलंच होतं. बदललं नाही, त्यावरच दुसरं गुंडाळलं. आमच्याकडे जेवली नाही. अम्मानं दक्षिणा पुढं केली तेव्हा ती म्हणाली, “बिघडलेल्या कामाची नको,” आणि बससाठी निघून गेली. अप्पांनी तो दिवस आणि पुढचा दिवस पाण्यावर काढला. मग भटजींच्या सांगण्यावरून तांदूळ, डाळ, भाज्या असा कच्चा शिधा देऊन श्राद्ध पुन्हा झालं. शिध्यात तळायचं काही नव्हतं.

चार दिवसांनी अम्मानं आणि मी मिळून फ्रायर मागच्या दारी नेऊन कलता केला. तेल निघालं. तळाशी, वेटोळ्याच्या खाली, काळा पडलेला कांद्याचा एक पापुद्रा चिकटला होता. अम्मानं तो नखानं सोडवला, तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. सांगायचं राहिलं नव्हतं. तिनं हात धुतला आणि म्हणाली, “पेपरात गुंडाळून माळ्यावर टाक.” पुढं पंचवीसएक वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो आणि ह्याबद्दल एकदाही बोललो नाही. तिनं मला वाचवलं, असं मी बरीच वर्षं समजत होते. आता वाटतं, तिनं स्वतःचा शब्दही वाचवला. त्यासाठी मी तिला दोष देऊ शकत नाही. तिला एकच मुलगी होती.

भटजी सहाही घरी जात. त्यांनी मुद्दाम काही पसरवलं असं मला वाटत नाही. कोणीतरी विचारलं असेल, त्यांनी खरं ते सांगितलं असेल. वर्षाच्या आत अंबुआत्याला सहापैकी एकाही घरून बोलावणं येईनासं झालं. आमच्यात ‘हिचा हात मडीत चालत नाही’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही. नुसतं बोलावत नाहीत.

मी शिकले, ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. तिथं रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी मुलींच्या वसतिगृहाच्या भोजनालयामागून जाताना मी अंबुआत्याला पाहिलं. ती अंगणात पाटावर बसली होती. समोर कांद्याचं पोतं, हातात सुरी. चिरलेल्या कांद्याचा ढीग तिच्या गुडघ्याला लागला होता. डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, सवय झाली असावी. नवऱ्यामागं तिनं कांदा सोडला होता, चिरलाही नव्हता. तिनं मला ओळखलं. “कण्णा! इथं लागलीस? जेवलीस का?” मी म्हणाले, जेवले. मी जेवले नव्हते. ती तिथं होती तोवर मी त्या वाटेनं गेले नाही; पुढच्या फाटकानं, लांबून जायची. रोज. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला असे वळसे चांगले जमतात.

अम्मा गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती. एका दुपारी मी तिच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा म्हणाली, “अंबु कशी आहे म्हणून पाहून ये.” तिनं ते नाव पंचवीस वर्षांत घेतलं नव्हतं. मी म्हणाले, जातें. ती असेपर्यंत मी गेले नाही. तिचे दिवस झाल्यावर गेले.

अंबुआत्या आता ऐंशीच्या आसपास आहे. तिरुवैयारुला त्याच खोलीत, बहिणीच्या मुलाच्या आधारानं. मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून शेवग्याचा पाला निवडत होती. अम्मा गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. मल्लिका, बज्जी, मलमल, पापुद्रा, “कोणी नाही.” ती पाला निवडत राहिली. मी थांबल्यावर तिनं विचारलं,

“बज्जी बरे झाले होते का तरी?”

मला आधी कळेना ती काय विचारते. मग म्हणाले, “हो.”

“मग एवढं तरी झालं.” तिनं एक काडी मोडून टाकली. मी रडू लागले तेव्हा ती चिडली. “रडायला माझ्या घरी आलीस का? आणि मला कशाला सांगतेस? मी केलें नाही हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. माझा झारा मला ठाऊक नाही? ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग.”

“भटजी तर गेले, आत्या.”

“भटजी गेले. घरं आहेत ना?”

मग तिनं पाल्याच्या काड्यांनीच सहा घरं जमिनीवर मांडली, नावं घेत. एकही चुकलं नाही.

मी जाऊ लागले. पहिल्या घरी सून होती. तिनं पंखा लावला, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कोण अंबुबाई?” ते घर आता केटररकडून डबा मागवतं. मी पुन्हा सांगितलं, सासूच्या खोलीत जाऊन सासूलाही सांगितलं. दुसऱ्या घरचे म्हातारे उठून उभेच राहिले. “माझ्या आईचं श्राद्ध त्या वर्षी तिच्या हातचं हवं होतं मला, आणि मीच तिला नको म्हणून कळवलों. तू आतां येतेस?” मी उभी राहून ऐकलं. तिसऱ्या घरी कुलूप होतं. शेजारणीकडून कळलं ते ओरत्तनाडुला मुलाकडे आहेत, तेव्हा तिथं गेले. पुढच्या दोन घरी फार बोलणं झालं नाही. दर वेळी परत येताना मी तिरुवैयारुला उतरते. आत्या एवढंच विचारते, “कितवं झालं?” कोण काय म्हणालं ते विचारत नाही. मागच्या महिन्यात मी म्हणाले, पाचवं. ती म्हणाली, “मग एकच की,” आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पाच घरी सांगून झालं आहे. सहावं आमचं. अप्पा शहाऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना ऐकू नीट येतं आणि आजोबांचं श्राद्ध ते अजून कच्चा शिधा देऊनच करतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.